दिवाळखोरीच्या कोर्टात न जाता कंपनी कशी बंद होते? अमेरिकेतल्या ‘एबीसी’ची सोपी ओळख

सप्टेंबर २०१८ मध्ये थेरानोस बंद झाली. बोटाला टोचून काढलेल्या थेंबभर रक्तातून ढीगभर चाचण्या करून देण्याचा दावा करणारी ही कॅलिफोर्नियातली कंपनी. तिची संस्थापक एलिझाबेथ होम्स हिच्यावर त्याच वर्षी जूनमध्ये फसवणुकीचं आरोपपत्र दाखल झालं होतं. एवढी गाजलेली कंपनी बुडाली म्हणजे तिने दिवाळखोरीच्या कोर्टात अर्ज केला असेल, असंच कुणालाही वाटेल. पण तसं झालं नाही. फॉर्ट्रेस या कर्जदात्याने आपल्या कर्जापोटी पेटंटं घेतली. उरलेली सुमारे ५० लाख डॉलरची रोकड बाकीच्या घेणेकऱ्यांसाठी ठेवली गेली, आणि ती वाटण्याचं काम एका त्रयस्थाकडे सोपवलं गेलं. त्याच्या आदल्या वर्षी, २०१७ मध्ये, मनगटावर बांधायचे फिटनेस बँड आणि ब्लूटूथ स्पीकर बनवणारी जॉबोन ही सॅन फ्रान्सिस्कोची कंपनी याच वाटेने गेली होती. एके काळी तिचं मूल्य ३ अब्ज डॉलरच्या वर मोजलं गेलं होतं.

या वाटेचं नाव ‘असाइनमेंट फॉर द बेनिफिट ऑफ क्रेडिटर्स’. वकील आणि बँकवाले तिला नुसतं ‘एबीसी’ म्हणतात. अमेरिकेत दिवाळखोरी म्हटली की चॅप्टर ७ (मालमत्ता विकून कंपनी बंद करणं) आणि चॅप्टर ११ (कोर्टाच्या देखरेखीखाली कंपनी चालू ठेवून देणी नव्याने आखणं) ही नावं आपल्या कानावर असतात, एबीसीचं मात्र फारसं कुणाला माहीत नसतं. सिलिकॉन व्हॅलीतल्या कितीतरी कंपन्या तरीही याच मार्गाने मिटतात. त्या कंपन्यांमध्ये नोकरी करणारी, आणि पुण्यात किंवा नाशकात बसून त्यांना सॉफ्टवेअर, डिझाइन, सुटे भाग पुरवणारी माणसं आपल्यातली आहेत. एक दिवस त्यांच्या हाती एक इंग्रजी पत्र पडतं, त्यात ग्राहक कंपनीचं नाव असतं आणि नावापुढे हेच शब्द जोडलेले असतात. ते पत्र जाहिरात समजून बाजूला टाकलं तर खरोखरीचे पैसे बुडतात. म्हणून हा विषय नीट उलगडून सांगावासा वाटतो.

नेमकं काय होतं?

कंपनीकडे पैसे संपत आले आहेत, नवा गुंतवणूकदार मिळत नाही, आणि देणी मालमत्तेपेक्षा जास्त झाली आहेत. अशा वेळी संचालक मंडळ ठराव करतं, गरज असेल तिथे भागधारकांची संमती घेतं, आणि एका करारावर सही करतं. त्या एका सहीने कंपनीची सगळी मालमत्ता, म्हणजे बँकेतली शिल्लक, यंत्रं, माल, येणं, सॉफ्टवेअर, पेटंट, ट्रेडमार्क, वेबसाइटचं नाव, अगदी इतरांवर दावा लावण्याचा हक्कसुद्धा, ‘असाइनी’ नावाच्या त्रयस्थ व्यक्तीच्या किंवा संस्थेच्या मालकीचा होतो. असाइनीने ती मालमत्ता विकायची, येणं वसूल करायचं, घेणेकऱ्यांना कळवायचं, त्यांचे दावे तपासायचे आणि कायद्याने ठरलेल्या क्रमाने पैसे वाटायचे.

असाइनी या मालमत्तेचा विश्वस्त असतो. त्याची निवड कंपनी करते, पण सही झाल्या क्षणापासून त्याची बांधिलकी घेणेकऱ्यांशी असते, आणि त्यातही एका मोठ्या घेणेकऱ्याशी नसून सगळ्यांशी असते. हा सबंध डोलारा या एका गोष्टीवर उभा आहे. कॅलिफोर्नियात हे काम करणाऱ्या व्यावसायिक संस्थाच आहेत. बहुतेक वेळा ही संस्था त्या एका कामापुरती नवी एलएलसी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची कंपनी, काढते आणि तिला मूळ कंपनीचं नाव देऊन पुढे कंसात ‘असाइनमेंट फॉर द बेनिफिट ऑफ क्रेडिटर्स’ असं जोडते. पत्रावर दिसणारं ते लांबलचक नाव तिथून येतं.

दिवाळखोरीचा कायदा अमेरिकेत संघराज्याचा, म्हणजे केंद्राचा. एबीसी मात्र राज्यांच्या कायद्यावर चालतं, आणि त्याचं मूळ विश्वस्तांविषयीच्या जुन्या इंग्रजी रिवाजात आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत केंद्राचा दिवाळखोरी कायदा टिकतच नव्हता. १८०० चा कायदा १८०३ मध्ये गेला, १८४१ चा १८४३ मध्ये, १८६७ चा १८७८ मध्ये. मधल्या सगळ्या काळात बुडालेल्या व्यापाऱ्याला आपली मालमत्ता कुणा विश्वासू माणसाच्या हाती देऊन ‘सगळ्यांना वाटून टाका’ म्हणण्यावाचून फारसा पर्याय नव्हता. १८९८ मध्ये कायमचा कायदा आला. त्याने अशा हस्तांतरणालाच दिवाळखोरीचं कृत्य ठरवलं, म्हणजे घेणेकऱ्यांना वाटलं तर चार महिन्यांच्या आत ते प्रकरण कोर्टात खेचू शकत. पण त्यांनी तसं केलं नाही तर राज्याच्या कायद्याखालचं वाटप चालू राहायचं. १९३३ मध्ये विस्कॉन्सिनच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की केंद्राच्या कायद्यामुळे राज्यांचे हे कायदे आपोआप रद्द होत नाहीत. आजही दोन्ही वाटा शेजारी शेजारी आहेत.

कोर्ट असताना ही वाट कशाला?

पहिलं उत्तर, वेळ. चॅप्टर ७ मध्ये अर्ज दाखल झाला की एका ठरलेल्या यादीतून विश्वस्त नेमला जातो. तो कोण असेल हे कंपनीच्या हातात नसतं. तो प्रामाणिक असतो, पण त्याला त्या धंद्याची माहिती असेलच असं नाही, आणि कंपनी बहुधा त्याच दिवशी ठप्प होते. चॅप्टर ११ मध्ये कंपनी चालू ठेवता येते, पण कंपनीचे वकील, घेणेकऱ्यांच्या समितीचे वकील, सल्लागार, दरमहा अहवाल, प्रत्येक मोठ्या निर्णयाला न्यायाधीशाची मंजुरी, हा खर्च लहान कंपनीला पेलवत नाही. आधीच आटलेले पैसे त्यातच जातात.

आणि स्टार्टअपची मालमत्ता मार्केट यार्डात उतरवलेल्या पालेभाजीसारखी असते: सकाळचा भाव संध्याकाळी राहत नाही. कारखान्याचं यंत्र सहा महिने कुलपात राहिलं तरी त्याला काही किंमत येते. पण ज्या सॉफ्टवेअरचे इंजिनिअर पांगले, ज्याचे ग्राहक दुसरीकडे गेले, ज्याच्या सर्व्हरचं बिल भरलं नाही म्हणून तो बंद पडला, त्याला घेणार कोण? एबीसीत असाइनीशी आधीच बोलणी झालेली असतात. खरेदीदारही अनेकदा आधीच शोधलेला असतो. सकाळी हस्तांतरणाची सही आणि दुपारी विक्रीची सही, असंसुद्धा होतं. काही प्रमुख कर्मचारी थेट खरेदीदाराकडे जातात, ग्राहकांची सेवा तुटत नाही, आणि त्यामुळे किंमत बरी येते.

दुसरं उत्तर, गवगवा कमी. कॅलिफोर्नियात यासाठी कोर्टात कागदच दाखल करावा लागत नाही. वर्तमानपत्रांत ‘अमुक कंपनी दिवाळखोर’ असा मथळा येत नाही. संस्थापकांना आणि गुंतवणूकदारांना याचं महत्त्व वाटतं, आणि त्यात वावगं काही नाही.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. कोर्टातली दिवाळखोरी केली की कर्ज माफ होतं आणि एबीसीत होत नाही, असं लोक म्हणतात. माणसाच्या बाबतीत हे बरोबर आहे: अमेरिकेत व्यक्तीला दिवाळखोरीतून कर्जमुक्ती मिळते. पण कंपनीला चॅप्टर ७ मध्येसुद्धा कर्जमुक्ती मिळत नाही. तिची मालमत्ता संपते, रिकामं खोकं उरतं आणि देणी कागदावर राहतात. म्हणजे बंदच करायच्या कंपनीला त्या बाबतीत कोर्टात जाऊन जास्तीचं काही मिळत नाही. मालकाने मात्र स्वतःची वैयक्तिक हमी दिली असेल तर एबीसीने ती सुटत नाही. बँक त्याच्या घरापर्यंत येऊ शकते. लहान धंद्याच्या मालकाने हा मार्ग धरण्याआधी आपण कुठे कुठे वैयक्तिक सह्या केल्या आहेत, हे आधी पाहावं.

राज्य बदललं की नियम बदलले

कॅलिफोर्नियात कोर्ट नाही, पण नियम आहेत. हस्तांतरण स्वीकारल्यावर असाइनीने ३० दिवसांच्या आत घेणेकऱ्यांना नोटीस द्यायची, आणि दावा दाखल करण्याची शेवटची तारीख त्या नोटिशीपासून किमान १५० आणि कमाल १८० दिवसांवर ठेवायची. इलिनॉयमध्ये, विशेषतः शिकागोत, हे कोर्टाबाहेरच पण जुन्या रिवाजाने चालतं. फ्लोरिडात गोष्ट वेगळी: तिथे असाइनीला दहा दिवसांत कोर्टात अर्ज करावा लागतो, न्यायाधीशाची देखरेख असते, आणि दाव्यांची मुदत अर्जाच्या तारखेपासून १२० दिवसांची असते. डेलावेअरमध्ये हे चॅन्सरी कोर्टापुढे, म्हणजे कंपन्यांचे वाद ऐकणाऱ्या तिथल्या राज्याच्या कोर्टापुढे, जातं. तिथल्या न्यायाधीशांनी अलीकडच्या वर्षांत असाइनीकडून जास्त माहिती मागायला सुरुवात केली आहे: कंपनीवर काय देणी आहेत, असाइनीला किती मोबदला ठरला आहे, त्याचे कुणाशी हितसंबंध आहेत.

मला ही चौकशी योग्य वाटते. कॅलिफोर्नियाचा वेग मोहात पाडणारा आहे, पण त्या वेगात एक प्रश्न सुटून जातो: विक्री ठरवताना घेणेकऱ्यांच्या बाजूने कोण बसलं होतं? असाइनी निवडला कंपनीने. विकत घेणारा कधीकधी कंपनीचाच जुना गुंतवणूकदार किंवा संस्थापकाची नवी कंपनी. किंमत ठरली सही होण्याआधी. यात लबाडी असतेच असं मुळीच नाही. कितीदा तर दुसरा खरेदीदार नसतोच आणि आतल्या माणसाने दिलेली किंमत हीच सर्वांत चांगली ठरते. पण हे खरं की खोटं, हे लहान घेणेकऱ्याला कळण्याची सोय कोर्टात जेवढी असते तेवढी इथे नसते. कोर्टात विक्रीची नोटीस निघते, हरकत घेता येते, संचालकांना शपथेवर प्रश्न विचारता येतात. इथे त्याने स्वतःहून असाइनीला लिहून विचारावं लागतं: मालमत्ता किती जणांना दाखवली, कुणी किती बोली लावली, खरेदीदाराचं संचालकांशी काही नातं आहे का? हे विचारण्यात संकोच करू नये. विश्वस्ताला ते विचारणं हा तुमचा हक्क आहे.

या वाटेला काय जमत नाही

दिवाळखोरीचा अर्ज पडला की त्याच क्षणी सगळ्या वसुल्या, दावे, जप्त्या थांबतात. एबीसीत अशी देशभर लागू होणारी स्थगिती नाही. बिनतारणी घेणेकरी नंतर जप्ती घेऊन आला तरी त्याच्या हाती काही लागत नाही, कारण मालमत्ता असाइनीच्या नावे झालेली असते. पण तारण असलेली बँक ऐकेनाशी झाली तर तिला थोपवणारं कुणी नाही. म्हणून जिथे तारण आहे, तिथे एबीसीची सुरुवात बँकेशी बोलण्यानेच होते. कोर्ट ‘सर्व बोजांतून मुक्त’ असा विक्रीचा हुकूम देऊ शकतं. असाइनी देऊ शकत नाही. बँकेने आपला बोजा राजीखुशीने सोडला तरच स्वच्छ मालकी खरेदीदाराला मिळते.

बँकेच्या बाबतीत एक बारीक पण मोठी गोष्ट. अमेरिकेत यंत्रं, माल, येणं यांवरचं तारण जगजाहीर करायला राज्याच्या दफ्तरी एक छोटा अर्ज भरावा लागतो. त्याला यूसीसी-१ म्हणतात. एखाद्या कर्जदात्याने तो भरला नसेल किंवा कंपनीचं नाव चुकवलं असेल, तर कायदा असाइनीला त्याच्या वरचं स्थान देतो. मग तारणाची ती मालमत्ता सगळ्यांच्या वाटपात येते. म्हणून चांगला असाइनी पहिल्या आठवड्यातच हे अर्ज तपासतो.

भाडेकरारांचंही असंच. दिवाळखोरी कोर्टात कंपनीचा किफायतशीर भाडेकरार, समोरच्याची इच्छा नसली तरी, बऱ्याचदा खरेदीदाराच्या नावे करता येतो, आणि ‘दिवाळखोर झालात तर करार रद्द’ या कलमाला तिथे फारशी किंमत नसते. असाइनीकडे ही ताकद नाही. घरमालक नाही म्हणाला की विषय संपला. ज्या धंद्याचं सगळं मोल मोक्याच्या दुकानांत आहे, त्याने एबीसीच्या नादी लागू नये, असं माझं मत आहे. जिथे घेणेकऱ्यांत उघड भांडण आहे, किंवा संचालकांनी पैसे काढल्याचा गंभीर संशय आहे, तिथेही कोर्टच बरं. तिथल्या विश्वस्ताकडे चौकशीची हत्यारं जास्त आहेत.

त्यातलं एक हत्यार म्हणजे बुडण्याआधी मर्जीतल्या लोकांना दिलेले पैसे परत मागणं. दिवाळखोरीत आधीच्या ९० दिवसांतली अशी देणी उलटवता येतात, आणि घेणारा आतला माणूस असेल तर एक वर्षामागपर्यंत जाता येतं. कॅलिफोर्नियाचा कायदा असाइनीलाही असा हक्क देतो. पण २००५ मध्ये केंद्राच्या नवव्या सर्किटच्या (कॅलिफोर्निया ज्यात येतं त्या विभागाच्या) अपील कोर्टाने म्हटलं, की हा हक्क केंद्राच्या कायद्याशी टकरतो, म्हणून चालणार नाही. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या राज्य अपील कोर्टाने उलट निकाल दिला. त्यामुळे दावा कुठल्या कोर्टात लागतो यावर बरंच अवलंबून राहतं.

सरकारी देण्यांकडे दुर्लक्ष करणारा असाइनी स्वतः गोत्यात येतो. केंद्र सरकारचं येणं असताना ते डावलून त्याने आधी दुसऱ्यांना पैसे दिले, तर ती रक्कम त्याच्याकडून वैयक्तिकरीत्या वसूल होऊ शकते. पगारातून कापलेला कर कंपनीने भरला नसेल तर तो भरण्याची जबाबदारी ज्यांच्याकडे होती, ते अधिकारीही सुटत नाहीत.

पैसे कसे वाटले जातात?

काल्पनिक आकडे घेऊन पाहू. सॅन होजेमधल्या एका कंपनीची मालमत्ता असाइनीने ३२ लाख डॉलरला विकली. त्यात बँकेचं तारणी कर्ज २० लाख. ते गेलं, उरले १२ लाख. असाइनीचा मोबदला, वकील, हिशेबनीस मिळून ३ लाख. उरले ९ लाख. कर्मचाऱ्यांचे थकलेले पगार आणि कर यांना कायद्याने अग्रक्रम आहे, त्यात २ लाख गेले. आता हातात ७ लाख. बाकीच्या सगळ्या बिनतारणी घेणेकऱ्यांचं मिळून येणं ७० लाख आहे. म्हणजे डॉलरमागे दहा सेंट. पुण्यातल्या ज्या सॉफ्टवेअर कंपनीचं १ लाख ४० हजार डॉलरचं बिल अडकलं आहे, तिला १४ हजार मिळणार. भागधारकांना काही नाही.

आता त्या ७० लाखांपैकी फक्त ५० लाखांचेच दावे वेळेत दाखल झाले, असं धरू. बाकीच्यांनी पत्र वाचलं नाही, किंवा ‘मिळून मिळणार काय’ म्हणून सोडून दिलं. तेच ७ लाख आता ५० लाखांवर वाटले जातात, डॉलरमागे चौदा सेंट. पुण्याच्या कंपनीने दावा केला असेल तर तिला १९ हजार ६०० डॉलर. केला नसेल तर शून्य, आणि तिच्या वाट्याचे पैसे दुसऱ्यांच्या खिशात. दावा भरायला बहुतेक वेळा वकील लागत नाही. एक-दोन पानांचा अर्ज, सोबत बिलांच्या प्रती, करार, आणि काम मिळाल्याचे ईमेल. आपलं येणं कंपनीच्या वह्यांत दिसतंच आहे, मग वेगळा दावा कशाला, अशा भरवशावर राहू नये.

मुदतींचा एक पेच इथे लक्षात ठेवण्यासारखा आहे. प्रकार संशयास्पद वाटला तर घेणेकरी एकत्र येऊन कंपनीला जबरदस्तीने दिवाळखोरी कोर्टात नेऊ शकतात. घेणेकरी बारा किंवा जास्त असतील तर त्यांतले तीन लागतात, कमी असतील तर एकही पुरतो, आणि त्यांचं बिनवादाचं, बिनतारणी येणं मिळून एप्रिल २०२५ पासून किमान २१,०५० डॉलर असावं लागतं. हस्तांतरण होऊन १२० दिवसांच्या आत असा अर्ज केला तर काम सोपं असतं, कारण हस्तांतरण झालं एवढंच कारण पुरतं. १२० दिवस उलटले की कंपनी आपली देणी एकंदर चुकवत नाही हे सिद्ध करावं लागतं, आणि फसवणूक किंवा अन्याय टाळण्यासाठी गरज आहे असं कोर्टाला वाटल्याशिवाय असाइनीला मालमत्ता परत करावी लागत नाही. आता कॅलिफोर्नियातली दाव्याची मुदत आठवा: नोटिशीपासून निदान १५० दिवस. जो घेणेकरी ‘अजून वेळ आहे’ म्हणून पत्र ड्रॉवरमध्ये ठेवतो, त्याची दाव्याची तारीख यायच्या आत हरकतीची सोपी वाट बंद झालेली असते. प्रश्न विचारायचे असतील तर ते पहिल्या महिन्यात विचारावेत.

नोकरी करणाऱ्यांसाठी थोडं

फ्रीमॉन्ट, सनीवेल, सॅन होजे इथली मराठी घरं हे जवळून पाहतात. कंपनी एबीसीत गेली की थकलेला पगार हा अग्रक्रमाचा दावा ठरतो, पण एका मर्यादेपर्यंतच, आणि तोही मालमत्ता विकून पैसे आले तरच. शेअर आणि ऑप्शन यांचा नंबर सगळ्या घेणेकऱ्यांनंतर. तिथवर पैसे पोचणं फार दुर्मीळ. एच-१बी व्हिसावर असणाऱ्यांना नोकरी सुटल्यापासून जास्तीत जास्त ६० दिवस अमेरिकेत राहण्याची सवलत असते. कंपनी कुठल्या मार्गाने बंद झाली याच्याशी तिचा संबंध नाही. म्हणून शेवटच्या दिवसाची लेखी नोंद, पगाराच्या सगळ्या पावत्या आणि नोकरीचं पत्र आपल्या खासगी ईमेलवर आधीच असलेलं बरं. कंपनीचे सर्व्हर विकले गेले की ते मागायला कुणाकडे जाणार?

आपल्याकडे असं काही आहे का?

मुंबईत, कोलकात्यात आणि चेन्नईत व्यक्तींसाठी १९०९ चा प्रेसिडेन्सी टाउन्स इन्सॉल्व्हन्सी कायदा, आणि इतरत्र १९२० चा प्रोव्हिन्शियल इन्सॉल्व्हन्सी कायदा, हे दोन्ही अजून पूर्णपणे हटलेले नाहीत. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेतला व्यक्ती आणि भागीदारी पेढ्यांसाठीचा भाग आतापर्यंत मुख्यतः कंपन्यांना वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता लागू झाला आहे. दोन्ही जुन्या कायद्यांत एक कलम आहे: देणेकऱ्याने आपली सगळी किंवा जवळपास सगळी मालमत्ता सगळ्या घेणेकऱ्यांच्या हितासाठी त्रयस्थाच्या नावे केली, तर ते नादारीचं कृत्य ठरतं, आणि तीन महिन्यांच्या आत घेणेकरी त्या आधारावर त्याला नादार ठरवण्याचा अर्ज करू शकतो. अमेरिकेच्या १८९८ च्या कायद्यासारखीच ही मांडणी. फरक एवढा, की तिकडे त्या कलमाच्या शेजारी राज्यांच्या कायद्यांतून एक चालती वाट तयार झाली, आणि इकडे तशी झाली नाही.

खासगी मर्यादित कंपनीला संहितेच्या कलम १० खाली स्वतःहून राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे जाता येतं. स्वेच्छेने कंपनी गुंडाळण्याची तरतूद कलम ५९ मध्ये आहे, पण सगळी देणी पूर्ण फेडता येतील असं संचालकांनी शपथेवर सांगावं लागतं. म्हणजे बुडालेल्या कंपनीला ती उपयोगाची नाही. ज्याचं येणं एक कोटीपेक्षा कमी आहे असा पुरवठादार २०२० पासून एकट्याने दिवाळखोरीचा अर्जही करू शकत नाही. परिणाम आपण औद्योगिक वसाहतींत पाहतो: शटर खाली, फोन बंद, ज्याचा आवाज मोठा त्याला थोडे पैसे, बाकीच्यांना काही नाही. लहान कंपन्यांसाठी आपल्याकडेही कोर्टाबाहेरचं, पण नोंदणीकृत विश्वस्ताच्या हातून होणारं, ठरल्या मुदतीचं वाटप असावं असं मला मनापासून वाटतं. फ्लोरिडासारखी न्यायाधीशाची किमान नजर असलेलं. कॅलिफोर्नियाइतकं मोकळं इथे नको, कारण आतल्या माणसाला स्वस्तात विक्री झाली तर ती पकडणारं कुणी उरणार नाही.

तोवर, अमेरिकेतल्या ग्राहकाकडून ते पत्र आलंच, तर दावा भरण्यासोबत एक काम नक्की करावं. निर्यातीचे पैसे ठरल्या मुदतीत आले नाहीत तर आपल्या बँकेला त्याचं उत्तर द्यावं लागतं, आणि येणं बुडीत म्हणून वह्यांतून काढायलाही बऱ्याचदा तिची मान्यता लागते. परदेशातला ग्राहक बुडाला असेल तर बँक त्याचा कागदोपत्री पुरावा मागते. म्हणून असाइनीकडून त्याच्या लेटरहेडवर लिहून घ्यावं, की हस्तांतरण अमुक तारखेला झालं, तुमचा दावा इतका मान्य झाला, आणि वाटपातून इतके मिळाले किंवा काही मिळण्याची शक्यता नाही. सोबत हस्तांतरणाच्या कराराची प्रत मागावी. हे वाटप चालू असतानाच मागावं, कारण काम संपलं की ती एका कामापुरती काढलेली एलएलसीही बंद होते.